काढलेले चित्र आणि काढता येणारे चित्र

मराठीत आपण चित्र काढतो, आणि भिंतीवरचे चित्र खाली उतरवायचे झाले तर तेही काढतोच. नसलेली गोष्ट घडवणे आणि असलेली गोष्ट दूर करणे या दोन टोकांच्या क्रिया आपल्या भाषेने एकाच धातूच्या दावणीला बांधल्या आहेत. सीमाभागात राहणाऱ्यांना ही गंमत लवकर कळते, कारण शेजारची भाषा तसे करीत नाही. कन्नडमध्ये लिहिण्याचे 'बरे' हेच क्रियापद चित्रालाही चालते, आणि काढून टाकायला 'तेगे' हा निराळा शब्द आहे. पाचवीच्या वर्गात गुरुजींनी "फळ्यावरचे चित्र काढ" असे म्हटले, तर घरी कन्नड बोलणारा मुलगा क्षणभर घोटाळतो. खडू उचलायचा की डस्टर?

तो घोटाळा केवळ व्याकरणाचा नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. घराच्या भिंतीसाठी मोठे चित्र रंगवायचे, पण ते प्रत्यक्ष भिंतीवर न रंगवता फळ्यांवर किंवा जाड कापडावर रंगवून भिंतीला लावायचे आणि घर सोडताना सोबत न्यायचे, ही पद्धत आता आपल्याकडच्या भाड्याच्या घरांतूनही दिसू लागली आहे. वरवर पाहता हा सुताराने सोडवायचा प्रश्न आहे. पण भिंतीसाठी म्हणून जे काढले ते भिंतीवरून काढता यावे, अशी तजवीज पहिल्या रेषेच्या आधीच करून ठेवणे बरोबर आहे का? त्यात शहाणपण आहे की हात राखून देण्याची वृत्ती? या प्रश्नाचे उत्तर सुतार देऊ शकत नाही.

प्रश्न माझ्यापर्यंत आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो बँकेत आहे. दर तीन-चार वर्षांनी बदली. पत्नीचे माहेर शिवमोग्गा जिल्ह्यात सागरच्या बाजूला, दीवरु समाजातले. त्या समाजात लग्नाच्या वेळी घरातल्या बायका तांबड्या मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. त्याला 'हसे गोडे' म्हणतात. (गोडे म्हणजे भिंत, आपल्या गोडाशी त्याचा संबंध नाही.) चौकटीच्या आत चौकट, बारीक आडव्या-उभ्या रेषांची जाळी, मधोमध वधूवरांची ओळख देणाऱ्या आकृत्या. पांढरा रंग तांदळाचा, काळा भाजून करपवलेल्या तांदळाचा, तांबडा मातीचा. कुंचला पुंडीच्या धाग्यांचा. पुंडी म्हणजे आपली अंबाडी, जिची भाजी बेळगावात दोन्ही भाषांची माणसे सारख्याच आवडीने खातात. या मुलीला आपल्या भाड्याच्या घरात, दिवाणखान्याच्या लांब भिंतीवर असे चित्र काढायचे होते. घरमालकांनी स्पष्ट सांगितले, रंग नाही, खिळाही नाही. तेव्हा नवऱ्याने फळ्यांची युक्ती सुचवली. सासरची मंडळी खूश झाली. मुलीची आई मात्र फोनवर एवढेच म्हणाली, "फळीला गोडे म्हणत नाहीत."

"सर, आईंचं बरोबर आहे का?" असे विचारायला दोघे माझ्याकडे आले. मी चित्रकार नाही. पण मुख्याध्यापकाकडे लोक कसलेही प्रश्न घेऊन येतात, आणि मला हा प्रश्न सोडवेना.

आधी घरमालकांची बाजू घेतो, कारण ती कोणी घेत नाही. दुसऱ्याच्या भिंतीवर विचारल्यावाचून चित्र काढणे हे अतिक्रमण आहे, मग चित्र कितीही सुंदर असो. पण समजा परवानगी मिळाली. मग काय होते? भाडेकरू जातो, चित्र राहते. नंतर येणाऱ्या माणसापुढे दोनच वाटा उरतात. न मागितलेले चित्र सांभाळायचे, नाहीतर त्यावर चुन्याचा कुंचला फिरवायचा. आपली हौस आपण भागवून घेतली आणि पुसण्याचे पाप दुसऱ्याच्या माथी ठेवून गेलो. शाळेच्या भिंतींवर सुविचार आणि देखावे रंगवून घेण्याचा सोस असलेल्या आम्हा मंडळींनी याचा विचार करायला हवा. दहा वर्षांनी पोपडे आलेल्या थोर पुरुषाच्या चेहऱ्यावर रंग मारण्याचे काम शिपायाला सांगताना काय वाटते, ते नंतरच्या मुख्याध्यापकालाच ठाऊक.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा याने १९३३ मध्ये रॉकफेलर सेंटरच्या इमारतीत भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर प्रचंड चित्र रंगवायला घेतले आणि त्यात लेनिनचा चेहरा घातला. मालकांनी तो काढायला सांगितले, त्याने नकार दिला, काम थांबले. आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये गिलाव्यासकट चित्र फोडून टाकण्यात आले. भिंत मालकाची, चित्र चित्रकाराचे, आणि दोन्ही एकाच पापुद्र्यात मुरलेली! कोणाचाही हक्क दुसऱ्याला दुखावल्याशिवाय वापरता येत नव्हता. याच रिव्हेराने १९३१-३२ मध्ये न्यूयॉर्कच्याच आधुनिक कला संग्रहालयासाठी हलवता येतील अशी आठ भित्तिचित्रे लोखंडी चौकटीतल्या गिलाव्यावर केली होती. म्हणजे विद्या त्याला अवगत होती. रॉकफेलरचा तडाखा बसल्यावर मिळालेल्या मानधनातून त्याने पुढची जी मोठी मालिका एका कामगार शाळेत रंगवली, ती पुन्हा सुट्या फलकांवरच.

याच्या उलट पाब्लो पिकासोचे 'गेर्निका'. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्पेनच्या मंडपातील भिंतीसाठी ते केले गेले. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब. भित्तिचित्रच ते, पण कापडावर. प्रदर्शन संपले, मंडप मोडला, भिंत नाहीशी झाली आणि चित्र गुंडाळीत बसून देशोदेशी फिरले. स्पेनमध्ये लोकशाही परतल्यावर, १९८१ मध्ये, ते माद्रिदला आले. चित्रकाराने तोवर जगाचा निरोप घेतला होता. ज्या चित्राला स्वतःची भिंतच उरली नव्हती, त्याला एक अख्खा देश वाट पाहत होता. अर्थात फुकट काही मिळत नाही. वारंवार गुंडाळल्या-उलगडल्याने त्याच्या रंगाला भेगा पडल्या, आणि पाठीमागून मेण देऊन ते सावरावे लागले.

एवढ्यावरून निकाल द्यायचा मोह होतो, की काढता येणारे ते टिकते. पण आपल्या अजिंठ्याने हा निकाल फार पूर्वीच उलटवून ठेवला आहे. मद्रासच्या सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांतील चित्रांच्या तैलरंगातील मोठ्या प्रतिकृती करीत होता. (पारूची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, ती येथे नको.) हेतू हाच, की भिंतीवरची चित्रे आज ना उद्या झडतील, निदान नेता येण्याजोगी प्रत तरी राहावी. त्या प्रती लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले. त्यांतल्याही कितीतरी प्रती १८८५ मध्ये लंडनलाच दुसऱ्या आगीत गेल्या. शेण, माती, भाताचा तूस यांच्या लिंपणावरची मूळ चित्रे, झिजलेली का होईनात, डोंगराच्या पोटात आहेत. टिकणे हा जर निकष धरला तर तो दोन्ही बाजूंनी साक्ष देतो, म्हणजे निकष म्हणून निरुपयोगी आहे.

मग आईंच्या बोलण्यात नेमके काय होते? त्यांना टिकण्याची काळजी नव्हतीच. हसे गोडे टिकत नाही. पुढच्या सारवणात ते जाते, पुढच्या लग्नात पुन्हा येते. डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांचा लग्नचौक हाही असाच. गेरू-शेणाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, पालघट देवी त्यात येऊन बसते, लग्न लागते. नंतर त्या चौकाला कोणी काच बसवीत नाही. गोव्यात आणि तळकोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल कावेचा ओला थर खालचा पांढरा चुना उघडा होईपर्यंत कोरून नक्षी काढत. ती कावी कला म्हणजे भिंतीशी जन्माची गाठ. भिंत पडेल तेव्हाच ती जाणार. वारली चौक आणि हसे गोडे यांची गाठ भिंतीशी नसून हाताशी आहे. हात आईकडून लेकीकडे जातो, भिंत कोणतीही चालते. चालते म्हणजे, भिंत असली पाहिजे. आईंचे म्हणणे तेवढेच होते.

आपल्या मराठी घरांतही हे आहे, फक्त आपण त्याला चित्रकला म्हणत नाही. श्रावणात देवघराजवळ जिवती लागते. पूर्वी ती गंधाने भिंतीवरच काढीत. पुढे छापील कागद आला. नरसिंह, कालियामर्दन, जरा-जिवंतिका, बुध-बृहस्पती, सगळे एका कागदावर, आणि खळीने तो भिंतीला चिकटवायचा. भिंतीवर काढलेली जिवती काढता येणारी झाली तेव्हा कुठल्या आजीने तक्रार केली असेल की नाही, मला ठाऊक नाही. पूजा मात्र सुटली नाही. सुटले ते हाताचे वळण. आज किती घरांत जिवती हाताने काढता येणारी बाई आहे, ते वाचकांनी आपल्याच घरात विचारून पाहावे.

आता या कथेतला सर्वांत अवघड धागा, आणि तो एका मराठी माणसाच्या हातात आहे. १९६६-६७ च्या सुमारास बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. मिथिलेतल्या बायका लग्नघरात कोहबर रंगवतात, हे पुपुल जयकर यांना माहीत होते. अखिल भारतीय हस्तकला मंडळातर्फे त्यांनी भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला कागद घेऊन मधुबनीला पाठवले. भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, ते विकले जाईल, त्याचे धान्य होईल, असा तो निरोप होता. पुढे वारली पाड्यांवरही हेच कुलकर्णी हिंडले. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा माणूस कागदावर आला, २०११ मध्ये पद्मश्री झाला. भिंतीवरून कागदावर येताना काय हरवले याची यादी करणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की दुष्काळातल्या चुलीपुढे ती यादी वाचता येईल का? हरवले हे खरे आहे. भिंतीवरचा चौक विकता येत नव्हता आणि तीच त्याची पवित्रता होती, हेही खरे आहे. पण त्या बायकांनी कागद घेतला आणि लग्न आले तेव्हा भिंतही रंगवली. एक केले म्हणून दुसरे सोडले नाही.

याच मिथिलेच्या गंगादेवी. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक अख्खे कोहबर घर भिंतींवर रंगवले, तेही कर्करोगाचे उपचार चालू असताना. १९९१ मध्ये त्या गेल्या. २०१५ च्या सुमारास संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते कोहबर नष्ट झाले. गावाकडे कोहबर पुसले जाते तेव्हा कोणी हळहळत नाही, कारण पुन्हा काढणारा हात घरात असतो. दिल्लीच्या त्या भिंतीजवळ तो हात नव्हता. तेथे ते काढता येण्याजोगे असते, तर वाचले असते.

तेव्हा प्रश्न असा ठरतो, की पुन्हा काढणारा हात कोठे आहे? तो जेथे आहे तेथे भिंतीवर काढावे आणि खुशाल पुसू द्यावे. रांगोळीला आपण कुठे जपून ठेवतो? दिवाळीत बेळगावच्या गल्लोगल्ली मुले मातीचे किल्ले करतात आणि नंतर स्वतःच मोडतात. त्यांना रडताना मी पाहिलेले नाही. पण जेथे माणूस एकटा पडला आहे, गाव सुटले आहे, दर चार वर्षांनी बिऱ्हाड हलते आहे, तेथे पुन्हा काढण्याची हमी कोणाचीच नाही. तेथे फळी हा हाताला मिळालेला आधार आहे. मी त्या मुलीला म्हणालो, "तुमच्या आई बरोबर आहेत, फळीला गोडे म्हणू नका. पण काढा. आणि माहेरी पुढचे लग्न निघेल तेव्हा जाऊन भिंतीवरही काढा, नाहीतर पंधरा वर्षांनी तुमच्याकडे फळ्याच राहतील."

आमच्या एका चित्रकला शिक्षकांना माझे हे म्हणणे पटलेले नाही. त्यांच्या मते, काढून नेता येईल या हिशेबाने काढणारा माणूस पहिल्या रेषेपासूनच निघायच्या तयारीत असतो. तो त्या घरात पूर्ण उतरतच नाही. बाजारात मिळणारे छापील चिकट देखावे, एका ओढीत निघणारे धबधबे आणि बर्फाची शिखरे, ही त्या वृत्तीची अखेर आहे, असे ते म्हणतात. चिकट धबधब्यांबद्दल माझे त्यांच्याशी एकमत आहे. बाकीच्याला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. एवढे सांगू शकतो, की नंदलाल बोस यांनी १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनासाठी चित्रफलक केले ते काही दिवसांच्या बांबूच्या नगरासाठी, उचलून नेता येतील असेच. नांगरणारा, ढोल वाजवणारा, शिवणारा शिंपी, ऐंशीहून अधिक फलक त्यांनी स्वतः केले. पुढच्याच वर्षी हा माणूस बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी बांधवलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंतींना लागला आणि १९४६ पर्यंत तेथे 'गंगावतरण', मीरेचे चरित्र, महाभारताचे युद्ध असे कायमचे काम करीत राहिला. बडोदेकर मराठी वाचकांनी ते पाहिले असेल. मला तरी हरिपुऱ्याच्या फलकांत हात राखलेला दिसत नाही. चार दिवसांच्या मंडपासाठी कोणी इतके देते का, असाच विचार मनात येतो.

स्वतःच्या मालकीच्या घरात काय करावे, हा प्रश्न राहतो. तेथे मला पूर्वी वाटे की काढता येण्याची सोय हवी कशाला? परंतु परिचयातल्या एका घराच्या वाटण्या पाहिल्या. जुने लाकडी घर, पाडून तेथे सदनिका व्हायच्या होत्या. आजोबांनी सोप्याच्या भिंतीवर यल्लम्माच्या डोंगराची जत्रा रंगवली होती. ती भिंतीबरोबर गेली. माजघरात त्यांनीच चार प्लायवुडच्या फळ्यांवर सुगीचा देखावा केला होता. त्याचे दोन भाऊ, दोन-दोन फळ्या. आता बैलांची जोडी पुण्याला आहे आणि तिच्यामागची मळणी हुबळीला. गेलेल्या जत्रेबद्दल दोन्ही घरांत आठवणी निघतात, प्रेमाने. फळ्यांबद्दल मात्र अजून धुसफूस आहे. आमच्याकडे नुसते बैल आले, असे पुण्याची जाऊ म्हणते. काढता येणारी वस्तू वाटताही येते, हे आजोबांच्या ध्यानात आले नसावे. मेक्सिकोच्याच ओरोस्को याने १९४० मध्ये सहा फलकांचे एक भित्तिचित्र असे केले, की फलक निरनिराळ्या प्रकारे मांडता यावेत. घरगुती चित्राला तेवढी करामत नको. पण प्रत्येक फळी एकटी पडली तरी तिच्यात काही पुरे असावे, एवढे पाहता येते. निदान बैलांबरोबर त्यांना हाकणारा माणूस तरी असावा.

त्या दोघांनी शेवटी चार फळ्या केल्या. सहा मिलिमीटरचे प्लायवुड, प्रत्येकी सहा फूट उंच व अडीच फूट रुंद, मागे लाकडी पट्ट्यांची चौकट, म्हणजे फळी वाकत नाही आणि भिंतीपासून इंचभर अंतर राहते. आपल्याकडे जुलैत भिंती पाझरतात. फळी भिंतीला घट्ट बसवली तर ओल धरून पहिल्याच पावसाळ्यात फुगते. पुढून-मागून, कडांनाही प्रायमरचे दोन हात दिले, कारण एकच बाजू बंद केली तर लाकूड दुसऱ्या बाजूने पाणी पिते. तांबड्या मातीच्या रंगाचा थर त्यावर. पांढऱ्यासाठी नवरा तयार रंग आणायला निघाला होता. तिने तांदूळच वाटले, फक्त पीठ फळीवरून झडू नये म्हणून त्यात डिंकाचे पाणी घातले. पुंडीचे धागे सागरहून आले, आईंनीच पाठवले. खिळा नाही, म्हणून फळ्या जमिनीवर उभ्या आणि वरून खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेल्या. दोन फळ्यांचा सांधा कोणत्याही आकृतीच्या मधून जाऊ दिलेला नाही. जाळीच्या रेषा मात्र सांध्यावरून सरळ पुढे जातात, म्हणजे फळ्या कोणत्या क्रमाने लावायच्या हे रेषाच सांगतात.

माझी सूचना एकच होती आणि ती त्यांनी मानली. प्रत्येक फळीच्या पाठीवर तिने लिहिले आहे, हे कोणत्या गावातल्या, कोणत्या घराच्या भिंतीसाठी काढले, उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता, कोणी पीठ वाटले, कोणी रेषा ओढल्या. मराठीत एकदा आणि कन्नडमध्ये एकदा. मराठी मजकुरात 'काढले' आहे, कन्नड मजकुरात 'बरेदद्दु'. मजकुराखाली निम्मी फळी कोरी ठेवली आहे, पुढच्या घराचा पत्ता लिहायला.